केंद्र विरुद्ध राज्य : कोर्टाचा निकाल महत्त्वाचा की कोर्टाची तारीख?

गाडामालक_जुन्नर

दुसऱ्या धाग्यावर विषय भरकटला म्हणून इथे वेगळा काढतोय. तिथे एकाने लिहिलं की सुप्रीम कोर्ट कायम केंद्राचीच तळी उचलतं, लगेच दुसऱ्याने लिहिलं की उलट गेल्या दोन-तीन वर्षांत राज्यांनाच भरभरून दिलंय. दोघांकडे दाखले आहेत आणि दाखले खरेही आहेत. पण मला वाटतं निकाल कुणाच्या बाजूने लागला एवढंच बघून काही कळत नाही, तो कधी लागला आणि तोपर्यंत कोणाचं म्हणणं चालू राहिलं हे बघायला पाहिजे.

मला जे जवळून माहितीये तेच सांगतो, बैलगाडा. आमच्याकडे जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यात चार बैल आणि पुढे घोडी, चढाचा घाट, आणि नंबर लागतो सेकंदावर. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर दोन बैलांचा छकडा पळतो, ते वेगळं. तर हा विषय घटनेत बसतो कुठे? प्राण्यांवरची क्रूरता थांबवणं हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे केंद्रही कायदा करू शकतं आणि राज्यही. केंद्राचा कायदा १९६० चा. २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढून बैलाला अशा प्राण्यांच्या यादीत घातलं ज्यांचे खेळ करता येत नाहीत, त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड होते त्यात आमचा खिल्लार जाऊन बसला. मग ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा दोन्ही बंद केले. तमिळनाडूचा स्वतःचा २००९ चा कायदा होता तो पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत म्हणून उडवला.

२०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना बीचवर जल्लीकट्टूसाठी केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. तमिळनाडूने कायदा बदलला, मागोमाग कर्नाटकने आणि आपणही, तिघांनी राष्ट्रपतींची संमती घेतली. आता वाटलं सुटलो, तर मुंबई हायकोर्टात कोणीतरी गेलं आणि त्याच वर्षी आपल्याकडच्या परवानग्या थांबल्या. तिकडे तमिळनाडूत बैल पळतायत, त्याच धर्तीचा कायदा, तीच संमती, आणि आमचे बैल गोठ्यात बांधलेले. सुप्रीम कोर्टाने १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतीला परवानगी दिली आणि घटनापीठाचा शेवटचा निकाल आला १८ मे २०२३ ला, तिन्ही राज्यांचे कायदे वैध.

म्हणजे कागदावर राज्य जिंकलं. पण २०१४ ते २०२१, पळणाऱ्या बैलाची उमेदीची वर्षंच तेवढी असतात हो. कित्येकांनी दावणीची जनावरं बाजार दाखवून मोकळी केली. माझा प्रश्न एवढाच की यात अधिकार कुणी वापरला? केंद्राने, राज्याने, की कोर्टाच्या स्टे ने, म्हणजे स्थगितीने?

वकीलबाई_नाशिक

धागा छान आहे. एक भर घालते, कारण बैलगाड्यात जी गोष्ट सगळ्यात कळीची आहे ती तू दोन शब्दांत उरकलीस, राष्ट्रपतींची संमती.

कलम २५४ काय म्हणतं, समवर्ती विषयावर केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांना छेद देत असेल तर केंद्राचा चालतो. अपवाद एकच, राज्याने तो कायदा राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून त्यांची संमती मिळवली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ. आणि राष्ट्रपती म्हणजे अर्थातच केंद्रीय मंत्रिमंडळाचा सल्ला. तमिळनाडूच्या २००९ च्या कायद्याला ही संमती नव्हती, २०१७ च्याला होती, २०२३ च्या निकालात हा मोठाच फरक ठरला. म्हणजे राज्य जिंकलं हे खरं पण ते दिल्लीने सही केली म्हणून जिंकलं.

सही नाही झाली तर काय होतं ते बघायचंय? शक्ती विधेयक. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा, डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं, संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि संमती काही मिळाली नाही. विधेयक चांगलं होतं का हा वेगळा वाद आहे, मला स्वतःला त्यातली फाशीची तरतूद पटली नव्हती. पण प्रक्रिया बघा. तेच कलम, तीच वाट, बैलाला काही महिन्यांत संमती आणि शक्तीला नाही. २०१७ ला मुंबईत आणि दिल्लीत एकाच पक्षाचं सरकार होतं आणि २०२१ ला नव्हतं, एवढं सांगते, बाकी ज्याने त्याने समजून घ्या. आणि यात कोर्टाला करण्यासारखं फारच थोडं आहे.

जुना_सातारकर

तुम्ही पोरं २०१४ पासून सुरू करता. आम्ही १९८० पाहिलेलं आहे.

१७ फेब्रुवारी १९८० ला शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार केंद्राने बरखास्त केलं. त्यांच्याकडे बहुमत नाही असं कोणी म्हणतही नव्हतं. कारण एवढंच की लोकसभेला इंदिराबाई परत निवडून आल्या, तेव्हा राज्यातल्या सरकारांनी जनतेचा विश्वास गमावला. नऊ राज्यं एका दिवसात. आणि हे बाईंनी शोधून काढलेलं नव्हतं बरं का, १९७७ ला जनता पक्षाने काँग्रेसची नऊ राज्यं अशीच बरखास्त केली होती, राजस्थान वगैरे राज्यं सुप्रीम कोर्टात गेली, सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की हा राजकीय निर्णय आहे, अगदीच दुष्ट हेतूने झालेला असेल तरच आम्ही बघू. झालं, तोच निकाल तीन वर्षांनी उलट्या बाजूने वापरला गेला. आमच्या वाड्यात त्या दिवशी दोन्ही पक्षांची मंडळी होती आणि गंमत म्हणजे तीन वर्षांत दोघांचे युक्तिवाद अदलाबदल झाले होते.

हे सगळं ज्या कलमाखाली होतं ते ३५६, राष्ट्रपती राजवटीचं. बाबासाहेबांनी घटना समितीत म्हटलं होतं की या कलमाचा वापरच होऊ नये, ते निर्जीव राहावं अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात राष्ट्रपती राजवट आत्तापर्यंत शंभराहून जास्त वेळा लागलेली आहे.

थांबलं ते बोम्मई खटल्याने. एस. आर. बोम्मई कर्नाटकचे मुख्यमंत्री, १९८९ ला काही आमदारांनी पाठिंबा काढल्याची १९ पत्रं राज्यपालांकडे गेली, त्यातल्या सात जणांनी नंतर सांगितलं की आमच्या सह्या फसवून घेतल्या. बोम्मई म्हणत होते की मला विधानसभेत बहुमत सिद्ध करू द्या. दिलं नाही. २१ एप्रिल १९८९ ला सरकार गेलं. हायकोर्टाने अर्ज फेटाळला. आणि सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी ११ मार्च १९९४ ला सांगितलं की बहुमत आहे की नाही ते राजभवनात नाही, सभागृहात ठरेल. आज टीव्हीवर येणारा प्रत्येक जण फ्लोअर टेस्ट फ्लोअर टेस्ट करतो ना, ती तिथून आली.

रस्सा_वेगळा

आजोबा +१, पण गाडामालकाचा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात की. १९८९ ला सरकार गेलं, १९९४ ला निकाल. पाच वर्षं. मधे निवडणूक होऊन तिथे काँग्रेसचं सरकार येऊन त्या सरकारचे मुख्यमंत्रीसुद्धा बदलून झाले. बोम्मईंचं नाव अमर झालं आणि खुर्ची गेली ती गेलीच.

जुना_सातारकर

गेली ना. पण नंतर कुठल्याही केंद्र सरकारला सही करताना दहादा विचार करावा लागला. आमच्या पिढीला तो फरक जाणवतो, तुम्हाला नाही जाणवणार कारण तुम्ही ते उघडंनागडं रूप पाहिलेलंच नाही. आणि एक विसरू नका, त्याच निकालात बाबरीनंतर मध्य प्रदेश, राजस्थान, हिमाचलची सरकारं घालवली होती ते कोर्टाने बरोबर ठरवलं, धर्मनिरपेक्षता घटनेच्या गाभ्यात आहे म्हणून. तेव्हा बोम्मई म्हणजे नुसता राज्यांचा विजय नाही.

रस्सा_वेगळा

मान्य. पण वेगाचं बोलायचं तर आपल्याच राज्याचे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा.

पहिला, २३ नोव्हेंबर २०१९. पहाटे ५:४७ ला राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास फडणवीस-अजितदादांचा शपथविधी उरकला. आपण चहा घेऊन टीव्ही लावला तर मुख्यमंत्री बदललेला. शनिवार होता. रविवारी कोर्ट बसलं, सोमवारी बसलं, मंगळवारी २६ तारखेला सकाळी आदेश, उद्या पाचच्या आत बहुमत चाचणी, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण. त्याच दुपारी अजितदादांचा आणि मग फडणवीसांचा राजीनामा. चाचणीची वेळच आली नाही. मोजून तीन दिवस.

दुसरा, जून २०२२. राज्यपालांनी ३० जूनला बहुमत चाचणी ठेवली, २९ ला रात्री कोर्टाने तिला स्थगिती द्यायला नकार दिला, उद्धव ठाकरेंनी त्याच रात्री फेसबुकवर येऊन राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री. आणि मग ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्ती एकमताने सांगतात की राज्यपालांकडे चाचणी बोलवायला पुरेसा आधारच नव्हता, पण तुम्ही चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिलात म्हणून आम्ही तुम्हाला परत बसवू शकत नाही.

म्हणजे जी गोष्ट चुकीची होती ती थांबवायची विनंती कोर्टापुढे आदल्या रात्री आली होती!! तेव्हा थांबवली नाही. दहा-अकरा महिन्यांनी चूक होती असं सांगून उपयोग काय? बरं पक्ष कुठला हे सोडून द्या, मला दोघांबद्दल काडीचं प्रेम नाही.

वकीलबाई_नाशिक

राजीनाम्याचा मुद्दा इतका किरकोळ नाहीये. २०१६ ला अरुणाचलमध्ये कोर्टाने घड्याळाचे काटे खरंच मागे फिरवले होते, १५ डिसेंबर २०१५ ची स्थिती परत आणली आणि नबाम तुकींना मुख्यमंत्रीपदी बसवलं. त्यांनी राजीनामा दिलेला नव्हता, त्यांचं सरकार घालवलेलं होतं. ठाकरेंच्या वकिलांना हा फरक चांगलाच माहीत होता, कुणी सल्ला दिला कोण जाणे. (आणि तुकींचं तरी काय झालं, काही दिवसांत त्यांच्याच पक्षाने पेमा खांडूंना पुढे केलं.)

पण २९ जूनच्या रात्रीबद्दल तुझं म्हणणं मला पटतं. आमच्या बार असोसिएशनमध्येही हीच चर्चा होती. अंतरिम आदेशाला, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाला, आम्ही वकील लोक जेवढं महत्त्व देतो तेवढं वर्तमानपत्रं देत नाहीत. बहुतेक केसेस स्टे मिळाला की नाही तिथेच संपतात, पुढचं सगळं इतिहासासाठी.

चांद्याचा_चंदू

राजेहो, तुमचं सगळं सरकार पडलं न् सरकार बसलं यातच चाललंय. पैशाचं कोणी बोलत नाही. आमच्या चंद्रपुरात या, जमिनीखाली कोळसा न् वर धूळ. खाणी केंद्राच्या कंपनीच्या, धूळ आमची.

कोळशाची रॉयल्टी, म्हणजे कोळसा काढल्याबद्दल खाणवाल्याने द्यायचा मोबदला, किती हे ठरवतं केंद्र, सध्या किमतीच्या १४ टक्के. पैसा राज्याला जातो पण दर ठरवायचा अधिकार राज्याला नाही. राज्यांनी म्हटलं ठीक आहे, रॉयल्टी तुमच्या दराने घेतो पण त्यावर आमचा कर लावतो. तर १९८९ ला सुप्रीम कोर्टाने इंडिया सिमेंटच्या केसमध्ये सांगून टाकलं की रॉयल्टी हाच कर आहे, म्हणून राज्याला वरून काही लावता येत नाही. तो निकाल बरोबर का चूक यावर २००४ ला दुसऱ्या पीठाने शंका घेतली, २०११ ला प्रकरण नऊ न्यायमूर्तींकडे पाठवलं, आणि नऊ जण बसले २०२४ ला. २५ जुलै २०२४, आठ विरुद्ध एक, रॉयल्टी हा कर नाही, खनिजाच्या हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्याचा.

पस्तीस वर्षं! एवढ्या वर्षांत किती कोळसा निघून गेला असल ते तुम्हीच मोजा बाप्पा.

गाडामालक_जुन्नर

हे मला माहीत नव्हतं. मागच्या वर्षांचे पैसे मिळणार का मग?

चांद्याचा_चंदू

केंद्राने कोर्टाला विनवलं होतं की हा निकाल फक्त पुढच्यासाठी लागू करा, मागचं काढू नका. कोर्टाने १४ ऑगस्टला सांगितलं, १ एप्रिल २००५ च्या मागचं मागायचं नाही, त्यानंतरचं मागता येईल, पण हप्त्याने, १ एप्रिल २०२६ पासून १२ वर्षांत. न् २५ जुलै २०२४ च्या आधीच्या मागणीवर व्याज-दंड नाही. आता यात एक गोम आहे, ज्या राज्याने आधीच कर लावायचा कायदा करून ठेवला होता त्यालाच मागचं काही मागता येईल ना. झारखंडने, ओडिशाने हालचाल केली होती. ज्याने केलाच नव्हता तो काय मागणार?

वकीलबाई_नाशिक

चंदू, बरोबर. आणि विरोधात गेलेल्या एका न्यायमूर्तींचं म्हणणं पण वाचण्यासारखं आहे, न्या. नागरत्ना. त्यांचं म्हणणं की प्रत्येक खनिजवाल्या राज्याने आपापला कर लावला तर देशभर खनिजाचे भाव एकसारखे राहणार नाहीत, राज्यांत नको ती स्पर्धा सुरू होईल, आणि संसदेने १९५७ चा खाण कायदा केला तो याचसाठी की हे विस्कळीत होऊ नये. माझ्या मते यात दम आहे. कोळसा चंद्रपूरचा असला तरी वीज पुण्यात जळते, दर वाढला तर बिल तुमच्याआमच्याच घरी येणार. शिवाय बहुमताच्या निकालातही संसदेला मर्यादा घालायची मुभा शिल्लक आहे. उद्या संसदेने खाण कायद्यात एक कलम वाढवून राज्यांच्या या करावर मर्यादा घातली तर सगळा खेळ परत पहिल्यापासून.

त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला औद्योगिक अल्कोहोलचा निकाल आला, तोही नऊ जणांचा, तोही आठ विरुद्ध एक, आणि विरोधात परत नागरत्नाच. केस उत्तर प्रदेशची पण आपल्या साखर कारखानदारांनी डोळ्यात तेल घालून पाहिली असणार कारण मळी, स्पिरिट सगळं त्यात येतं. तिथेही राज्यांचा अधिकार मान्य झाला, १९८९ च्याच एका सात न्यायमूर्तींच्या निकालाला उलटवून. म्हणजे १९८९ साली राज्यांच्या तिजोरीला दोन कुलपं लागली होती ती दोन्ही २०२४ ला उघडली.

टोरंटोकर_मंदार

इकडून एक पैलू. कॅनडात कार्बन टॅक्सवरून केंद्र आणि प्रांतांचं जोरदार भांडण झालं. इथे प्रांतिक सरकार स्वतः आपल्या वरच्या कोर्टाला थेट प्रश्न विचारू शकतं की हा केंद्राचा कायदा घटनेत बसतो का, सांगा. सस्कॅचवान, ओंटारिओ, अल्बर्टा तिघांनी विचारलं. दोन कोर्टांनी केंद्राला कौल दिला, अल्बर्टाच्या कोर्टाने विरोधात दिला, मग प्रकरण वर गेलं आणि २५ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या प्रांतिक कोर्टाचं मत मे २०१९ चं. दोन वर्षांत विषय खलास. प्रांत हरले, पण निदान कळलं तरी. आपल्याकडे राज्याला असं विचारता येतं का?

वकीलबाई_नाशिक

नाही. कलम १४३ खाली फक्त राष्ट्रपती सल्ला मागू शकतात, म्हणजे पुन्हा केंद्र. राज्याकडे कलम १३१ आहे, केंद्रावर किंवा दुसऱ्या राज्यावर थेट सुप्रीम कोर्टात दावा. पण तो दावा म्हणजे पूर्ण दिवाणी दावा, पुरावे, साक्षी, सगळं.

निपाणीकर

कलम १३१ चं नाव निघालं आणि आमचं काळीज लकाकलं.

महाराष्ट्राने सीमाभागासाठी याच कलमाखाली दावा लावला २००४ साली. मी तेव्हा कॉलेजात होतो, आता माझ्या पोराची दहावी झाली. कर्नाटकचं म्हणणं काय, की राज्याच्या सीमा ठरवणं कलम ३ प्रमाणे संसदेचं काम आहे, कोर्टाला यात अधिकारच नाही. म्हणजे वाद कुठल्या गावात किती मराठी यावर अजून पोचलेलाच नाही, हे कोर्टाने ऐकायचं का यावरच गाडी अडलीय. मधे पीठातले न्यायमूर्ती महाराष्ट्राचे नाहीतर कर्नाटकचे असतात म्हणून बाजूला होतात, मग नवीन पीठ, मग तारीख. डिसेंबर २०२२ ला नागपूरच्या अधिवेशनात ८६५ गावांचा ठराव एकमताने झाला, टाळ्या वाजल्या, पुढे काय?

आमच्याकडे पाट्या कन्नडमध्ये, तलाठ्याचा उतारा कन्नडमध्ये. खटला चालू आहे म्हणून कोणी राजकीय तडजोड करत नाही आणि कोणी तडजोड करत नाही म्हणून खटला चालू आहे. दोन्ही सरकारं सोयीने कोर्टाकडे बोट दाखवतात. माझं तर स्पष्ट मत आहे की निकाल विरोधात लागला तरी चालेल पण लागू दे.

अभ्यासिका_बी_विंग

मी जास्त लिहीत नाही पण मराठा आरक्षणाचं कोणीच कसं काढलं नाही. लोकांना वाटतं तो खटला फक्त आरक्षणाच्या ५० टक्के मर्यादेचा होता. अर्धा खटला केंद्र-राज्याचा होता!

२०१८ ला संसदेने १०२ वी घटनादुरुस्ती केली, मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा द्यायला. सभागृहात मंत्री सांगत होते की राज्यांच्या अधिकाराला धक्का नाही. आणि ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोनने म्हटलं की दुरुस्तीचे शब्द वाचले तर मागास कोण हे आता फक्त राष्ट्रपतीच ठरवू शकतात, राज्यांचा अधिकार गेला. खुद्द केंद्राचे वकील कोर्टात उलट सांगत होते की नाही हो, आमचा तसा हेतू नव्हता. म्हणजे केंद्राला नको असलेला अधिकार कोर्टाने केंद्राच्या गळ्यात मारला, असं उदाहरण दुसरं सापडणार नाही. मग सगळे पक्ष धावले, ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी दुरुस्ती, अधिकार राज्यांना परत. तीन-साडेतीन महिन्यांत.

पण गाडामालक म्हणतात ते इथेही लागू. खरा फटका ५ मेला नाही बसला, ९ सप्टेंबर २०२० ला बसला जेव्हा अंतरिम स्थगिती आली. निवड झालेली मुलं, हातात यादी, नियुक्तीपत्र नाही. आमच्या अभ्यासिकेत एक जण होता, निवड झाली होती, गावात सत्कार झाला होता, आणि तो परत आमच्या शेजारच्या टेबलवर येऊन पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होता, डबा तोच, खुर्ची तीच. त्याला त्या दुरुस्तीतलं कलम ३४२-अ तोंडपाठ होतं, परीक्षेसाठी नाही.

रस्सा_वेगळा

हे वाचून गप्प झालो. बाय द वे याच्या उलटं उदाहरण दिल्लीचं. ११ मे २०२३, आपल्या सत्तासंघर्षाचा निकाल आला त्याच दिवशी कोर्टाने सांगितलं की दिल्लीतले अधिकारी दिल्लीच्या निवडून आलेल्या सरकारच्या हाताखाली. १९ मेला केंद्राचा अध्यादेश, ऑगस्टमध्ये कायदा. आठ दिवस टिकला पाच न्यायमूर्तींचा निकाल. आणि त्या अध्यादेशाविरुद्धची केस? घटनापीठाकडे पाठवली.

गाडामालक_जुन्नर

म्हणजे केंद्राकडे निकालानंतरही एक डाव असतो, संसद. राज्याकडे तो नसतो. हे लक्षातच आलं नव्हतं इतकं ठळकपणे.

जुना_सातारकर

आणि कधी कधी कोर्ट निकालच देत नाही. जम्मू-काश्मीरच्या कलम ३७० चा निकाल घ्या, ११ डिसेंबर २०२३. राज्य मोडून केंद्रशासित करता येतं का हा सगळ्या राज्यांच्या दृष्टीने जिवाचा प्रश्न होता, उद्या मुंबईचं असं करता येईल का हे ज्याच्या मनात आलं नाही तो मराठी माणूस नव्हे. कोर्ट म्हणालं की सरकारी वकिलांनी राज्याचा दर्जा परत देऊ असं सांगितलंय तेव्हा जम्मू-काश्मीरपुरतं आम्ही त्यात जात नाही. लडाखचं वैध ठरवलं. निवडणुकीला ३० सप्टेंबर २०२४ ची मुदत दिली आणि राज्याच्या दर्जाला मात्र तारीख नाही, लवकरात लवकर. निवडणूक झाली, कारण तिला तारीख होती.

टोरंटोकर_मंदार

सातारकर, शेवटचं वाक्य जबरी. मग तमिळनाडूच्या राज्यपालांच्या केसमध्ये कोर्टाने तारखाच तर घालून दिल्या होत्या, ते का टिकलं नाही?

वकीलबाई_नाशिक

टिकलं नाही कारण घटनेत तारीख नाही. कलम २०० मध्ये राज्यपालांनी विधेयकावर किती दिवसांत निर्णय घ्यायचा हे लिहिलेलंच नाही. तमिळनाडूची काही विधेयकं २०२० पासून पडून होती, बहुतेक विद्यापीठांच्या कुलगुरूंबद्दलची. विधानसभेने नोव्हेंबर २०२३ ला दहा विधेयकं परत मंजूर केली, तरी राज्यपालांनी ती राष्ट्रपतींकडे धाडली. ८ एप्रिल २०२५ ला दोन न्यायमूर्तींनी कलम १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश द्यायचा सुप्रीम कोर्टाचा खास अधिकार, वापरून ती दहाही मंजूर झाली असं समजा म्हणून सांगितलं, आणि पुढच्यासाठी एक महिना, तीन महिने अशा मुदती घातल्या. मे महिन्यात राष्ट्रपतींनी कोर्टाला १४ प्रश्न विचारले, मगाशी म्हटलं तेच कलम १४३. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच जणांच्या पीठाने मत दिलं, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आपल्या अमरावतीचे, निवृत्तीच्या तोंडावरच दिलं. मुदत घालता येणार नाही, मंजूर झालं असं समजा हेही चालणार नाही, पण राज्यपाल अनंत काळ विधेयक दाबूनही ठेवू शकत नाहीत. फारच लांबलं आणि कारणही दिलं नाही तर कोर्ट एवढंच सांगू शकतं की निर्णय घ्या, कुठला घ्या ते नाही.

अभ्यासिका_बी_विंग

ताई, फारच लांबलं म्हणजे किती?

वकीलबाई_नाशिक

तेच तर लिहिलेलं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवरून ठरेल. म्हणजे राज्याने आधी वाट बघायची, मग किती वाट बघितली हे कोर्टात जाऊन सांगायचं, मग ती पुरेशी होती का यावर सुनावणी. तरी मला हे मत पूर्ण चुकीचं वाटत नाही. कोर्ट स्वतःच विधेयकं मंजूर करायला लागलं तर उद्या एखादं वाईट विधेयकही तसंच मंजूर होईल आणि तेव्हा आपणच ओरडू. मुदत हवी असेल तर घटनादुरुस्ती करा. ती करणार संसद, आणि संसदेत ज्याचं बहुमत त्याचेच राज्यपाल, हा भाग वेगळा.

चांद्याचा_चंदू

म्हणजे सगळं फिरून तिथंच. पण काय वो ताई, मुदत घालता येत नाही म्हणणाऱ्या कोर्टाला स्वतःच्या घटनापीठाच्या खटल्याला तरी मुदत घालता येते का नाही? त्याला तर कोणाची संमती लागत नसल.

वकीलबाई_नाशिक

कुणाचीही नाही. कुठला खटला कधी लावायचा आणि कुठल्या पीठापुढे, हे एकटे सरन्यायाधीश ठरवतात.

निपाणीकर

मग आमचा २००४ चा दावा लावा की राव.